चपाती, पोस्टकार्ड आणि फॉरवर्ड

'व्हायरल' हा शब्द आता इतका मराठी झाला आहे की आमची भाजीवालीही तो सहज वापरते. आमच्या नात्यातल्या ग्रूपवर या शब्दावरून अधूनमधून दोन तट पडतात. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की या मोबाइलने जग बिघडवले, पूर्वी असल्या वावड्या नव्हत्या. भाचरे म्हणतात, "आत्या, पूर्वीही होत्याच, फक्त आता त्या दिसतात." मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले, त्यामुळे दोन्ही पक्ष माझ्याकडे साक्षीदार म्हणून बघतात! ग्रूपवर एवढे लांब कोण वाचणार, म्हणून इथे लिहिते आहे.

सुरुवात १८५७ पासून करू. त्या वर्षाच्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरू लागल्या. एका गावचा चौकीदार शेजारच्या गावच्या चौकीदाराला चपात्या द्यायचा आणि सांगायचा, अशाच आणखी करा आणि पुढच्या गावांना पोचवा. चपातीवर काही लिहिलेले नसे, सोबत चिठ्ठी नसे. मथुरेचा मॅजिस्ट्रेट मार्क थॉर्नहिल याने चौकशी केली, पण हे कुणी सुरू केले आणि कशासाठी, ते आणून देणाऱ्यालाच ठाऊक नव्हते. इतिहासकारांचे त्यावर आजही एकमत नाही.

वर्गात हे सांगितले की एखादा मुलगा हमखास विचारायचा, "बाई, मग त्यांनी त्या चपात्या खाऊन का नाही टाकल्या?" वर्ग हसायचा, पण प्रश्न अगदी नेमका होता. अर्थ कळत नसताना माणसे एखादी गोष्ट पुढे का पाठवतात? मला वाटते, साखळी आपल्या दारात तुटू नये, ही धास्ती असते. शेजारच्या गावाने केले आणि आपण नाही केले तर? 'आला तसा पुढे पाठवला आहे' असे लिहून मेसेज ढकलणाऱ्याच्या मनात याहून निराळे काय असते?

तेव्हा भाचरांचे म्हणणे निम्मे मान्य. उरलेले निम्मे मात्र वडीलधाऱ्यांच्या बाजूचे आहे. ती चपाती पुढे पाठवायला कणीक मळावी लागत होती, चूल पेटवावी लागत होती आणि अंधारात पुढच्या गावापर्यंत चालावे लागत होते. पाठवणाऱ्याला कष्ट पडत होते. हा कष्टाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

कष्ट होते म्हणून जुन्या अफवा निरुपद्रवी होत्या, असे मात्र नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसांना मुद्दाम मारतात, अशी बातमी चाळींमधून आणि गिरण्यांमधून पसरली. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. तोंडी अफवेला पैसे पडत नाहीत, पण तिची धाव माणसाच्या आवाजाएवढी. एका चाळीतून दुसरीत, एका पाळीतून दुसऱ्या पाळीत. तेवढ्यानेही एवढा अनर्थ होऊ शकतो, हे मात्र विसरू नये.

आता जरा हलक्या विषयाकडे वळू. नटनट्या आणि जाहिराती. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या. लक्सची जाहिरात करणारी ती पहिली भारतीय अभिनेत्री, आणि ती आपली मराठी! मग १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. टूथपेस्टचे नाव कार्यक्रमातच होते. कुठले गाणे कितव्या पायरीवर, हे रेकॉर्डींची विक्री आणि श्रोत्यांची पत्रे यांवरून ठरे. आज 'ट्रेंडिंग' म्हणतात ते दुसरे काय होते? माझ्या माहेरी बुधवारी रात्री आठला रेडिओभोवती कोंडाळे जमत असे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पायऱ्यांवरून वाद होत. पण एक गोष्ट स्पष्ट होती. ही जाहिरात आहे, तिचे पैसे टूथपेस्टवाल्याने दिले आहेत, हे आमच्यासारख्या पोरांनाही कळत असे. आणि गाण्याला वर चढवायचे तर स्वतःच्या पैशाने कार्ड आणून, पत्ता लिहून ते पेटीत टाकावे लागे.

पोस्टकार्डाचा दुसरा उपयोगही आमच्या पिढीला आठवत असेल. १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ' हा चित्रपट आला आणि शुक्रवारच्या उपासांबरोबर साखळीपत्रांनाही ऊत आला. अमुक इतक्या जणांना हाच मजकूर लिहून पाठवा, पाठवलात तर लाभ, नाही तर संकट! शाळेतल्या मुलीसुद्धा मधल्या सुट्टीत ती पत्रे नकलून काढत बसत. मी त्यांना रागावत नसे. एवढेच म्हणायची, "लिहायचेच तर शुद्ध लिहा." तिसऱ्याचौथ्या पत्राला हात दुखायला लागायचा आणि देवीचा धाकही बराच ओसरायचा.

मग आला गुरुवार, २१ सप्टेंबर १९९५. पितृपंधरवडा चालू होता. दिल्लीत पहाटे कुठल्याशा देवळात गणपती दूध पितो, अशी बातमी उठली आणि दुपारपर्यंत ती देशभर आणि समुद्रापार लंडनच्या साउथॉलपर्यंत पोचली. देवळांसमोर मैल मैल रांगा लागल्या, दिल्लीत दुधाचा खप भलताच वाढला. गंमत अशी की देशातला पहिला मोबाइल फोन त्याच वर्षी ३१ जुलैला खणखणला होता आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्टला सुरू झाले होते. दोन्ही गोष्टी इतक्या नव्या आणि महाग की गणपतीच्या कामी त्या आल्याच नाहीत. ते सगळे काम घरच्या फोनने आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथने केले, तेही मीटरवर आकडे पळत असताना.

केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो प्रयोग करून दाखवला. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाते आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळते. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी दुसऱ्या दिवशी दुधात कुंकू कालवून हेच वर्गात दाखवले. लाल ओघळ मूर्तीच्या पोटावरून खाली आला तेव्हा मुले आधी गप्प झाली आणि मग खो खो हसली. या अफवेबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्याला पडताळायचे होते तो चमचा घेऊन देवळात जाऊ शकत होता. अफवा फोनवरून आली तरी तिची परीक्षा आपल्या गल्लीत घेता येत होती. म्हणूनच तो सगळा प्रकार एकदोन दिवसांत आटोपला.

यानंतरचा बदल वेगाचा आहे, असे सगळे म्हणतात. मला तो हाताचा वाटतो. ट्विटर २००६ मध्ये निघाले (आता त्याला एक्स म्हणतात). सुरुवातीला दुसऱ्याचे म्हणणे पुढे पाठवायचे तर ते उतरवून घ्यावे लागे, पुढे 'आरटी' असे टंकावे लागे. म्हणजे आमच्या मुलींच्या साखळीपत्रासारखेच. २००९ च्या नोव्हेंबरात त्यासाठी बटण आले आणि एका स्पर्शात काम होऊ लागले. ते बटण घडवणाऱ्या चमूचे प्रमुख ख्रिस वेदरेल २०१९ मध्ये म्हणाले की आपण चार वर्षांच्या पोराच्या हाती भरलेले शस्त्र दिले की काय! आपल्याकडे याला माकडाच्या हाती कोलीत म्हणतात.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सव्वा लाखाच्या आसपास बातम्या तपासल्या आणि मार्च २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. दीड हजार माणसांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागला. यंत्रे चालवत असलेली खाती वगळून पाहिले तरी चित्र तेच. म्हणजे दोष यंत्रमानवांवर ढकलायची सोय नाही, हे आपणच करतो.

आणि आपण हे कुणाच्या बाबतीत करतो? ज्यांच्यावर आपले प्रेम आहे त्यांच्याही. लतादीदी नोव्हेंबर २०१९ मध्ये रुग्णालयात असताना त्यांच्याविषयी नको त्या बातम्या फिरल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. ते गेल्याची बातमी पसरली, मोठमोठ्यांनी श्रद्धांजल्याही लिहिल्या, आणि ते जिवंत आहेत हे घरच्यांना सांगावे लागले. ते गेले २६ नोव्हेंबरला. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांनी त्या मधल्या दोनतीन दिवसांत किती फोन घेतले असतील, याचा विचार करून पाहा. श्रद्धांजली वाहायची एवढी कसली घाई असते, हे मला खरोखर समजत नाही.

यापुढची पायरी २०२४ च्या फेब्रुवारीत आली. अभिनेत्री पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्याचे त्यांच्याच खात्यावरून २ तारखेला जाहीर झाले, आणि ३ तारखेला त्या स्वतःच जिवंत असल्याचे सांगत हजर झाल्या. कर्करोगाबद्दल जागृती करण्यासाठी केलेली ती मोहीम होती म्हणे. नटीबद्दलची अफवा आणि जाहिरात या दोन गोष्टी आमच्या वेळी वेगवेगळ्या दुकानांत मिळत, त्या आता एकाच पुडीत बांधून आल्या. लीला चिटणीसांच्या साबणाची जाहिरात ही जाहिरात आहे हे वाचणाऱ्याला दिसत होते. आता ते ओळखू न येणे हेच कसब झाले आहे. मैत्रिणीने सांगावे तसे कुणी क्रीमबद्दल सांगते आणि त्याचे पैसे तिला मिळालेले असतात. म्हणून तर जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारला नियमावली काढून सांगावे लागले की मोबदला घेतला असेल तर तसे स्पष्ट लिहा. पूर्वी फिरवणाऱ्याला खर्च येत असे. आता त्याचा खर्च शून्यावर आला आहे आणि त्याच्या फिरवण्यावर दुसराच कुणी कमावतो आहे.

पूनम पांडे दुसऱ्या दिवशी परत आल्या. राईनपाड्याचे पाच जण आले नाहीत.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार होता. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी आल्याचे मेसेज आणि व्हिडिओ देशभर फिरत होते. त्यांतला एक व्हिडिओ मूळचा कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला होता. मोटारसायकलवरचे दोघे मुलाला उचलतात आणि मग परत आणून सोडतात, शेवटी फलकावर सूचना दिसते. कुणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला भाग खऱ्या घटनेसारखा फिरवला. राईनपाड्याला आलेले पाच जण नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे होते. मुले पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथे ते मारहाणीत मेले.

पिढ्यान् पिढ्या दारोदार जाऊन ज्यांनी जोगवा मागितला, त्यांना या महाराष्ट्राने ओळखले नाही. दूध पिणाऱ्या गणपतीची खात्री करायला माणसे चमचा घेऊन गेली होती. इथे समोर उभ्या असलेल्या माणसाला 'बाबा, तू कुठला?' एवढे विचारून त्याच्या गावी फोन लावणेही कुणाला जमले नाही. फोन तर खिशाखिशात होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे केले. त्यानंतर असे मेसेज फिरणे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीनेच सांगितले. बघा, माणसे रातोरात शहाणी झाली नव्हती. फक्त पुन्हा पुन्हा बोट लावायचे कष्ट वाढले होते. त्या मुलींचा हात दुखायचा, तसेच काहीसे.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. जे पुढे पाठवावेसे वाटते ते आधी वहीत हाताने उतरवून काढायचे. लिहिताना 'हे कुणी सांगितले? कधीचे आहे? कुठले आहे?' हे प्रश्न आपोआप पडतात. बहुतेक मजकूर दुसऱ्या ओळीच्या पुढे जात नाहीत. जे पुरे लिहून होतात ते पाठवते, पण असे महिन्याकाठी दोनतीनच निघतात. ग्रूपवर मी गप्प असते अशी तक्रार करणाऱ्यांना हे उत्तर!

असो. तुमच्या घरी २१ सप्टेंबर १९९५ ला पहिला फोन कुणाचा आला होता, आणि तुम्ही चमचा घेऊन गेला होतात का, ते मात्र जरूर कळवा.