अर्ध्या तासाची कुळकथा

ताडोबात जंगलवाटांवर कॅमेरे समोरासमोर जोडीने बांधतात. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, आणि ओळख पटवायला दोन्ही लागतात. वाघ काही क्षणांत निघून जातो. चितळांचा कळप मात्र तिथेच चरत राहिला, तर एकाच कळपाचे ढीगभर फोटो निघतात. मग मोजायचे काय, फोटो की फेऱ्या?

रूढ तोडगा असा: एका कॅमेऱ्यावर एकाच जातीचे लागोपाठचे दोन फोटो अर्ध्या तासाहून जास्त अंतराने आले, तर दुसऱ्यापासून नवी फेरी धरायची. टिमथी ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी सुमात्रातल्या वाघांवरच्या २००३ च्या शोधनिबंधात हा निकष वापरला आणि पुढे तो जगभर पसरला.

नवल असे की, वेबवरची एक भेट कुठे संपली हे ठरवायला संगणकाच्या दुनियेतही अर्धा तासच रुळला, पण वेगळ्या वाटेने. १९९४ साली अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये लारा कॅटलेज आणि जेम्स पिटको यांनी ब्राउझर वापरणाऱ्यांच्या हालचाली तीन आठवडे टिपल्या. दोन कृतींमधले सरासरी अंतर ९.३ मिनिटे निघाले. त्यात दीड प्रमाण विचलन मिळवून त्यांनी २५.५ मिनिटांची सीमा आखली. वापरता वापरता तिची ३० झाली.

पायथन या संगणकभाषेत फोटोंच्या फेऱ्या पाडण्याचे काम चार ओळींचे. नोंदी कॅमेरा, जात आणि वेळ या क्रमाने लावायच्या. कॅमेरा आणि जात यांच्या प्रत्येक गटात आधीच्या नोंदीपासूनचे अंतर काढायचे. ते तीस मिनिटांहून जास्त असेल तिथे १, नाहीतर ०. मग गटागटाने चढती बेरीज करत खाली यायचे. येणारा आकडा हाच फेरीचा क्रमांक. सरळ घड्याळाच्या तासांनी कापले, तर ५:५८ आणि ६:०२ ला दिसलेला एकच वाघ दोनदा मोजला जातो.

देशातल्या २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले. त्यांत वाघांचे ७६,६५१. एवढा पसारा हाताने लावणे अशक्यच. पण अर्धा तास डोळे मिटून लावू नये. चितळांसाठी आधी फोटोंमधल्या अंतरांचा आलेख काढावा आणि सीमा त्यावरून ठरवावी.

गडचिरोलीत, वडसा-आरमोरीकडे, प्रश्न जिवाचा आहे. मोहफुले वेचायला माणसे भल्या पहाटे जंगलात शिरतात. तिथे फेऱ्या मोजून भागत नाही. वाघ त्या वाटेवर कोणत्या वेळी असतो, हे तासवार मांडून गावाला सांगावे लागते. आणि त्यासाठी बॅटरी बदलताना प्रत्येक कॅमेऱ्याचे घड्याळ आधी जुळवून घ्यावे लागते.