लायलॅकच्या सात बिया

ऑगस्ट १८७० मध्ये प्रशियाची फौज पूर्व फ्रान्समधल्या नान्सी शहरात शिरली आणि तिनं तीन वर्षं मुक्काम ठोकला. व्यापार-उदीम थंडावला. व्हिक्टर लमोआन या तिथल्या नामांकित रोपवाटिकेच्या मालकाच्या हाताशी एकाएकी भरपूर वेळ आला. आपल्या बागेतल्या एका किरकोळ दिसणाऱ्या लायलॅककडे त्यानं मोर्चा वळवला.

लायलॅक हे थंड मुलखातलं पानगळीचं झुडूप. हिवाळाभर नुसत्या काटक्या आणि वसंत लागला की जांभळ्या, सुवासिक फुलांचे भरगच्च तुरे. सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानच्या दरबारी असलेला सम्राट फर्डिनांडचा वकील, ओजिए द बुस्बेक, याच्यामार्फत ते इस्तंबूलहून व्हिएन्नाला आलं असं मानतात. तुर्कांच्या बागांतून आलं, म्हणून युरोपनं ते पूर्वेकडचंच धरलं. १८२८ मध्ये रानात आपोआप वाढलेलं लायलॅक बाल्कनच्या डोंगरांत सापडलं, तेव्हा कुठे हा पाहुणा युरोपातलाच असल्याचा उलगडा झाला.

लमोआनच्या बागेतलं झुडूप ‘अझुरिया प्लेना’ जातीचं होतं. फुलं लहान आणि फिकट, पण डबल. आपल्याकडे साधी तगर आणि डबल तगर असते, तसाच हा प्रकार. अडचण अशी की या फुलात पुंकेसर नव्हतेच. त्यामुळे ते फक्त मादी म्हणून वापरता येणार होतं, आणि स्त्रीकेसरही दाटीवाटीच्या पाकळ्यांखाली दडलेला. शिवाय लमोआनची नजर अधू झालेली. शेवटी पत्नी मारी-लुईझ शिडीवर चढली. बारीक चिमट्यानं पाकळ्या बाजूला सारायच्या, दुसऱ्या लायलॅकचे परागकण कुंचल्यानं आत टेकवायचे आणि पुढच्या फुलाकडे वळायचं, हे काम तिनं शंभरावर फुलांवर केलं. पहिल्या वर्षी धड बिया मिळाल्या फक्त सात.

तेवढ्या भांडवलावर नान्सीच्या डबल लायलॅकची घोडदौड सुरू झाली. १८९० मध्ये बाजारात आलेल्या पांढऱ्याशुभ्र जातीला ‘मादाम लमोआन’ हे नाव मिळालं. ती आजही लावली जाते. पुढे मुलगा एमिल आणि नातू आंरी यांनी काम चालवलं. १९५५ मध्ये रोपवाटिका बंद झाली, तोवर या घराण्याच्या नावावर लायलॅकच्या दोनशेहून अधिक जाती जमा झाल्या होत्या.

त्यातल्या काही अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वुडलँड गावी पोहोचल्या. तिथे हुल्डा क्लागर ही शेतकरी कुटुंबातली बाई १९०५ पासून लायलॅकचे संकर करत होती. वसंतात तिची बाग पाहायला आणि रोपं विकत घ्यायला माणसं येत.

लायलॅकची निगा तशी सोपी, पण एका बाबतीत झाड माफ करत नाही. पुढच्या वसंताच्या कळ्या ते आदल्या उन्हाळ्यातच धरतं. त्यामुळे छाटणी फुलं ओसरताच उरकायची. हिवाळ्यात कात्री चालवली तर पुढच्या हंगामाचा बहरच कापला जातो. जुनी, जाड खोडं दर वर्षी थोडी थोडी बुडापासून काढली की नवे फुटवे जोर धरतात. मुळांपाशी फुटवे येतात तेही जपून वेगळे करून लावता येतात. मात्र झाड कलमी असेल तर ते खालच्या खुंटाचे निघतात, म्हणून वेळीच उपटावे लागतात.

१९४८ मध्ये कोलंबिया नदीला महापूर आला आणि क्लागरबाईंची लायलॅकची बाग नष्ट झाली. त्या वेळी त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्याकडून रोपं नेली होती, त्यांनी आपापल्या अंगणातल्या त्याच जातींची रोपं आणि फांद्या परत आणून दिल्या. इथे बियांचा उपयोग नव्हता, कारण बीपासून उगवलेलं लायलॅक मूळ झाडासारखं निघेल याची खात्री नसते. फांदी किंवा फुटवा मात्र हुबेहूब तीच जात पुढे नेतो. दोन वर्षांत बाग पुन्हा लोकांसाठी खुली झाली. १९६० मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी क्लागरबाई गेल्या. त्यांची बाग आणि घर आता एक स्थानिक संस्था सांभाळते.