विमानतळावर यंत्र वाजलं नाही, तरी झडती का घेतात?

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी किंवा पिरंगुटहून पुण्याच्या लोहगाव विमानतळावर जायचं म्हणजे अख्खं शहर पार करायचं. कोंडीतून कसंबसं वेळेत पोहोचावं, तर पुढे सुरक्षा तपासणीची रांग. लॅपटॉप बाहेर काढा, खिसे रिकामे करा. चौकटीतून जाताना काहीच वाजत नाही, तरीही हात पसरून झडती द्यावी लागते. मग यंत्र कशासाठी?

तपासणी कोण करतं?

नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरो, म्हणजेच बीसीएएस ठरवतं. पुण्यासह देशातल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे (सीआयएसएफ) जवान करतात. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आयसी-८१४ विमानाचं अपहरण झालं. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून विमानतळ या दलाकडे सोपवायला सुरुवात झाली.

यंत्राला काय दिसत नाही?

दाराच्या चौकटीसारखं यंत्र फक्त धातू ओळखतं. प्लास्टिक स्फोटकं किंवा सिरॅमिकचं पातं असेल, तर ते वाजणार नाही. म्हणून हाताने झडती.

बॅगेच्या एक्स-रेमध्ये वस्तू रंगांत दिसतात. कपडे, अन्न, स्फोटकं असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी, तर धातू निळे. लॅपटॉपचे भाग इतके दाट असतात की त्याखालची वस्तू झाकली जाते. म्हणून तो वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो. नव्या सीटी स्कॅनरमध्ये बॅग सर्व बाजूंनी फिरवून पाहता येते. त्यामुळे अशी यंत्रं असलेल्या परदेशातल्या काही विमानतळांवर लॅपटॉप बॅगेतच राहू देतात.

एवढं करून शस्त्र सापडतंच का?

नेहमी नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत सरकारच्याच पथकांनी प्रवासी बनून नकली शस्त्रं आणि स्फोटकं नेऊन पाहिली. ७० पैकी ६७ वेळा ती पकडली गेली नाहीत. ही बातमी फुटल्यावर तिथल्या तपासणी यंत्रणेच्या प्रभारी प्रमुखांना पदावरून हलवण्यात आलं.

यामागचं एक कारण माणसाच्या नजरेत आहे. त्याच वर्षी नव्हे, तर दहा वर्षं आधी, २००५ मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापून आला होता. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत होती, तेव्हा ती सुमारे ७ टक्के वेळा नजरेतून सुटली. ती फक्त १ टक्का चित्रांत ठेवली, तेव्हा सुटण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. विमानतळावर तर हजारो बॅगांत शस्त्र नसतंच. यावर उपाय म्हणून अनेक एक्स-रे यंत्रं अधूनमधून पडद्यावर शस्त्राची खोटी प्रतिमा टाकतात आणि कर्मचाऱ्याची नजर तपासतात.

थोडक्यात, एकही टप्पा पूर्ण भरवशाचा नाही. म्हणून एकावर एक टप्पे रचले जातात आणि त्यातूनच रांग वाढते.

निघण्यापूर्वी काय पाहावं?

• सुरी, अडकित्ता अशा धारदार वस्तू चेक-इन बॅगेत ठेवा.
• पॉवर बँक मात्र केबिन बॅगेतच.
• काडेपेटी आणि लायटर दोन्ही बॅगांत चालत नाहीत.
• घरात परवानाधारक बंदूक असेल, तर बॅगेचे सगळे कप्पे तपासा. विसरून राहिलेलं एक जिवंत काडतूसही शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्ह्यात अडकवू शकतं. ते बॅगेत असल्याची जाणीवच नव्हती, असं दिसल्यावर न्यायालयांनी असे गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोवर विमान केव्हाच गेलेलं असतं.