राजा गप्प बसतो तेव्हा

लहानपणी जुन्या ‘चांदोबा’त विक्रम-वेताळ वाचताना माझा सगळा जीव शेवटच्या परिच्छेदात असायचा. राजा उत्तर देणार आणि वेताळ प्रेतासकट पुन्हा झाडावर जाणार. उत्तर बरोबर आल्याचा आनंद इतका व्हायचा, की त्याच उत्तरामुळे राजाची खेप फुकट गेली हे लक्षातच यायचं नाही.

बऱ्याच वर्षांनी या गोष्टी ‘कथासरित्सागरा’त वाचल्या. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने हा ग्रंथ राणी सूर्यमतीचं मन रमावं म्हणून रचला. पहिला धक्का सुरुवातीलाच बसला. इथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचं राज्य गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात!

दुसरा धक्का मदनसुंदरीच्या गोष्टीने दिला. तिच्या नवऱ्याने आणि भावाने देवीपुढे आपापलं शिर कापून वाहिलं. देवीच्या कृपेने ती शिरं पुन्हा जोडताना घाईत तिच्याकडून अदलाबदल झाली. आता तिचा नवरा कोण? राजा म्हणतो, शरीरात डोकं श्रेष्ठ, म्हणून नवऱ्याचं डोकं ज्याच्या धडावर तोच नवरा. लहानपणी मला हे पटलं असतं. आता वाटलं, मदनसुंदरीला कुणी विचारलंच नाही. हा पेच इतरांनाही सुटलेला वाटला नाही. थॉमस मानने त्यावर 1940 मध्ये कादंबरिका लिहिली, पुढे गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’ लिहिलं. दोघांकडेही भावाच्या जागी मित्र आहे.

पण सगळ्यात जास्त रेंगाळलं ते शेवटचं कोडं. एक बाप मुलीशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी. मग त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? उत्तर माहीत असून न बोलल्यास डोकं फुटेल, ही वेताळाची अट. राजा खूप विचार करतो, त्याला उत्तर सापडत नाही आणि तो मुकाट्याने चालत राहतो. वेताळ खूश होतो. ज्या साधूसाठी हे प्रेत चाललंय तो तुझाच बळी देणार आहे, असं तो राजाला सांगतो आणि युक्तीही देतो. साधू साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, ‘मला येत नाही, आधी तुम्ही करून दाखवा.’

आधीच्या सगळ्या हुशार उत्तरांनी राजाला फक्त परत झाडापाशी नेलं. त्याचा जीव वाचला तो एकदा खरोखर न कळल्यामुळे आणि एकदा ‘येत नाही’ म्हटल्यामुळे.

मग सूर्यमतीचा विचार मनात आला. 1063 मध्ये तिच्याच आग्रहावरून राजा अनंताने गादी मुलाला, कलशाला दिली. पुढे बाप-लेकात वैर पेटलं. 1081 मध्ये अनंताने जीव दिला आणि सूर्यमती सती गेली. कल्हणाने ‘राजतरंगिणी’त हे लिहून ठेवलंय. जिच्यासाठी या गोष्टी रचल्या, तिच्याच घरात बाप कोण, राजा कोण, कुणी कुणाचं ऐकायचं याचा गुंता झाला होता.

ते वाचून मी फोन बाजूला ठेवला. एका ग्रुपवर दोन दिवस चाललेल्या वादात माझं उत्तर टाईप करून तयार होतं. ते पुन्हा वाचलं. त्यातलं मला खरोखर किती माहीत होतं? मेसेज पुसला.