फूट, रीळ आणि मेमरी कार्ड : सोलापूर जिल्ह्यातून दिसणारा मराठी सिनेमाच्या कॅमेऱ्याचा इतिहास

१/
२९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला. करमाळा तालुक्याच्या मातीत चित्रित झालेला हा चित्रपट महाराष्ट्रभर लागला, पण चित्रपटगृहांच्या प्रोजेक्शन खोलीत फिल्मचे डबे आले नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी, १९७५ मध्ये, याच सोलापूर जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. जब्बार पटेलांचा ‘सामना’ आला, तेव्हा डब्यांशिवाय चित्रपट ही कल्पनाही कोणी केली नसती.

२/
‘फिल्म चांगली की डिजिटल?’ हा वाद आज बहुधा रंग, पोत आणि आवडीनिवडीच्या भाषेत होतो. मराठी चित्रपटाच्या इतिहासात मात्र या प्रश्नाची तीन जुनी रूपे आहेत. कच्ची फिल्म मिळेल का? मिळाली तर परवडेल का? आणि चित्रित केलेले टिकेल का? या तीन प्रश्नांच्या आधारे हा प्रवास पाहू.

३/
सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन आले. त्या काळी कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई. रात्री अंधाऱ्या खोलीत छिद्रे पाडण्याचे आणि फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. भारतीय चित्रपटाचा पहिला तांत्रिक विभाग असा एका घराच्या स्वयंपाकघराशेजारी उभा राहिला.

४/
१९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. येथे एकक लक्षात घ्यावे : फूट. चित्रपट मिनिटांत मोजण्याआधी तो फुटांत मोजला जाई, कारण फूट म्हणजे थेट पैसा. कापडाच्या दुकानात वाराने हिशेब व्हावा, तसा निर्मात्याचा हिशेब फुटाने होई.

५/
कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांना परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. त्यांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने स्वतःच कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. लेथवर यंत्र घडवता आले; कच्ची फिल्म मात्र घडवता येईना. ती परदेशातूनच येत राहिली. हे परावलंबित्व पुढील अनेक दशके टिकले.

६/
त्याची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. जहाजवाहतूक विस्कळीत झाली, फिल्मची टंचाई आली आणि सरकारने नियंत्रण आणले. चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली गेली. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट या गतीने धावते. म्हणजे कायद्याने चित्रपट सुमारे दोन तास दोन मिनिटांत संपवणे भाग होते. कथेची लांबी परवान्याने ठरवली.

७/
हे गणित नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दीड फूट. कॅमेऱ्यात बसणारे ४०० फुटांचे रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपते. १,००० फुटांचे रीळ अकरा मिनिटे चालते. ‘कॅमेरा’ हा शब्द उच्चारताच पैसे वाहू लागत.

८/
दोन तासांचा चित्रपट म्हणजे १०,८०० फूट. प्रत्येक दृश्य सरासरी चार वेळा घेतले, तर ४३,२०० फूट निगेटिव्ह लागते. मग ती धुणे, त्यावरून कामापुरती प्रिंट काढणे आणि शेवटी प्रदर्शनाच्या प्रती काढणे. म्हणून तालमींना महत्त्व आले. नट चुकला तर फक्त वेळ जात नसे, धुऊनही उपयोग नसलेली फिल्म जाई.

९/
आता जब्बार पटेलांकडे वळू. जन्म पंढरपूरचा, शालेय शिक्षण सोलापुरातील हरिभाई देवकरण प्रशालेत, व्यवसायाने डॉक्टर. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ दिग्दर्शित करून रंगभूमीवर नाव झालेले. त्यांचा पहिला चित्रपट ‘सामना’ : निर्माते रामदास फुटाणे, लेखक विजय तेंडुलकर, छायाचित्रण सूर्यकांत लवंदे. साखर कारखान्याच्या सत्तेवरचा हा चित्रपट ऊस आणि कारखान्यांच्या सोलापूरकरांना परका वाटण्याचे कारण नव्हते.

१०/
‘सामना’ कृष्णधवल आहे. १९७९ चा ‘सिंहासन’ही कृष्णधवल. याआधीच, १९७२ मध्ये, ‘पिंजरा’ रंगीत आला होता. रंगीत कच्ची फिल्म महाग, तिची प्रक्रियाही महाग आणि तिचा पुरवठा आयातीवर अवलंबून. उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ या नावाने ओळखली जाई. देशी फिल्मचे स्वप्न तिथे बरेचसे कृष्णधवलपुरतेच साकार झाले.

११/
‘सिंहासन’मधील मंत्रालय आणि मुंबईचे रस्ते आज आपल्याला करड्या छटांतच आठवतात. तो देखावा आशयाला शोभला, हे खरे. परंतु मराठी चित्रपटाच्या तुटपुंज्या बाजारपेठेत कृष्णधवल फिल्म हा सौंदर्यदृष्टीइतकाच जमाखर्चाचाही विषय होता, हे इतिहास वाचताना विसरू नये.

१२/
आणखी एक परिणाम : फिल्मच्या काळात कॅमेऱ्यासमोर कोण उभे राहणार, हेही काही अंशी फिल्मच ठरवत होती. ‘सामना’त डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले समोरासमोर आहेत. दोघांच्याही मागे रंगमंचाची वर्षे. एका-दोन टेकमध्ये अचूक काम देणारा नट ही कमी पैशांच्या निर्मितीची गरजच होती. कधीही कॅमेरा न पाहिलेल्या मुलावर अख्खा चित्रपट तोलणे धाडसाचे ठरे.

१३/
मधला टप्पा व्हिडिओचा. १९८० च्या दशकात खेड्यापाड्यांत व्हिडिओ सेंटर आली. चित्र अंधूक आणि रंग फुटलेले, पण कॅसेट पुन्हा पुसता आणि पुन्हा वापरता येत असे. चित्रीकरण ही जपून खर्चायची गोष्ट आहे, या समजुतीला पहिला तडा येथे गेला. लग्नाच्या चित्रीकरणामुळे तालुक्यातालुक्यात कॅमेरा चालवणारे हात तयार झाले.

१४/
जगात मोठी वळणे नंतर आली. २००२ मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील एक चित्रपट पूर्णतः डिजिटल कॅमेऱ्यांवर चित्रित झाला. २००७ मध्ये ‘रेड वन’ आणि २०१० मध्ये ‘अ‍ॅरी अलेक्सा’ हे कॅमेरे आले. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. फुजीने २०१३ मध्ये चित्रीकरणाची फिल्म बनवणे थांबवले. भारतातील रसायनशाळा एकामागून एक बंद पडल्या. फिल्म धुण्याची सोयच उरली नाही, तेव्हा निवडही फारशी उरली नाही.

१५/
या वळणावर जेऊर येथील नागराज मंजुळे उभे आहेत. ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार, पुढे २०१३ चा ‘फँड्री’, मग ‘सैराट’. ‘फँड्री’चा नायक सोमनाथ अवघडे आणि ‘सैराट’ची नायिका, अकलूजची रिंकू राजगुरू, दोघेही चित्रपटात नवखे. दोघांच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली. बोली करमाळ्या-माळशिरसची, चेहरे तिथलेच.

१६/
याचे श्रेय यंत्राला देणे अन्यायाचे होईल. ती दृष्टी दिग्दर्शकाची आहे. जातीमुळे ज्यांचे जगणे पडद्याबाहेर राहिले, त्यांना मध्यभागी आणण्याचा निर्णय कॅमेरा घेत नाही. मात्र डिजिटलने एक अडसर दूर केला. नवख्या मुलाला दहा वेळा चुकू देण्याची किंमत आता फुटांत मोजावी लागत नव्हती. त्याला कॅमेऱ्याची सवय होईपर्यंत थांबता येऊ लागले.

१७/
प्रदर्शनाची बाजूही तितकीच महत्त्वाची. दोन तासांच्या चित्रपटाची ३५ मिमी प्रत तीन किलोमीटरहून लांब आणि उचलायला जड. प्रत्येक प्रतीला वेगळा खर्च. मराठी निर्माता मोजक्याच प्रती काढी. त्या आधी मोठ्या शहरांत फिरत आणि तालुक्याला पोहोचेपर्यंत रेघोट्यांनी भरून जात. उपग्रहाद्वारे आणि हार्ड डिस्कवर चित्रपट पोहोचू लागल्यावर मुंबई आणि करमाळा एकाच शुक्रवारी एकच स्वच्छ चित्र पाहू शकले. ‘सैराट’चे यश या व्यवस्थेशिवाय समजत नाही.

१८/
या बदलात काही लोक मागे पडले. महाराष्ट्राच्या जत्रांमधून तंबू टाकून चित्रपट दाखवणाऱ्या टूरिंग टॉकीजची परंपरा जुनी. ट्रकमध्येच प्रोजेक्टर बसवलेला, पडदा वाऱ्याने हलणारा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. जुना प्रोजेक्टर सोडून डिजिटल यंत्रापुढे उभे राहणाऱ्या या मंडळींची ती नोंद आहे. योगायोग असा, की तेच ‘सैराट’चेही वर्ष.

१९/
आता तिसरा प्रश्न : टिकेल का? फिल्मचा इतिहास येथे फारसा अभिमानास्पद नाही. भारतात सुमारे १,३०० मूकपट बनले. पूर्ण किंवा अपूर्ण स्वरूपात उरलेले जेमतेम तीसेक. ‘राजा हरिश्चंद्र’ची दोनच रिळे हाती आहेत आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. पहिला बोलपट ‘आलम आरा’ तर पूर्ण नष्ट झाला. कित्येक रिळे केवळ त्यातील चांदी काढण्यासाठी भंगारात गेली.

२०/
जुनी नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही. एकदा पेटली की हवा तोडूनही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातसह अनेक संस्थांचा अमूल्य ठेवा गेला. नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म पेटत नाही, पण दमट हवेत सडते आणि व्हिनेगरसारखा वास सोडते. त्या वासाला जगभरचे अभिलेखपाल घाबरतात.

२१/
तरीही १९३६ चा ‘संत तुकाराम’ आज पाहता येतो. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव हिंडून गोळा केलेले डबे, हे त्यामागचे बळ. सुस्थितीतील निगेटिव्ह थंड आणि कोरड्या खोलीत ठेवली, तर पुढच्या पिढीला ती उजेडासमोर धरून काय आहे ते तरी कळते.

२२/
डिजिटल फाईलचे तसे नाही. हार्ड डिस्क कपाटात ठेवून दिली, तर काही वर्षांत ती उघडेलच याची खात्री नसते. टेपवर साठवले तरी वाचणारे यंत्र पिढीगणिक बदलते; म्हणून ठरावीक वर्षांनी सारे नव्या माध्यमावर उतरवावे लागते. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ मध्ये हिशेब मांडला : एका चित्रपटाची मूळ प्रत फिल्मवर जपण्यास वर्षाला १,०५९ डॉलर, तर डिजिटल स्वरूपात १२,५१४ डॉलर. साठवण पुढे स्वस्त झाली. सततच्या देखभालीची गरज तशीच राहिली.

२३/
म्हणूनच मार्च २०१८ अखेरीस ख्रिस्तोफर नोलन मुंबईत आले, तेव्हा फिल्मच्या भवितव्यावर इतकी चर्चा झाली. हॉलीवूडमधील मोजके दिग्दर्शक आजही फिल्मवर चित्रीकरण करतात. कोडॅकचा कारखाना त्यांच्या मागणीमुळेही तगला. पण नोलन यांचा पर्याय मोठ्या बजेटचा आहे. जेऊरच्या एखाद्या तरुणाला आज फिल्म वापरा असे सांगणे म्हणजे त्याला चित्रपट करू नको असे सांगण्यासारखे आहे.

२४/
तेव्हा हिशेब दोन भागांत मांडावा लागतो. चित्रीकरणासाठी डिजिटलने दार उघडले, आणि त्या दारातून सोलापूर जिल्ह्याची बोली, उन्हाळा आणि वेदना महाराष्ट्राच्या पडद्यावर आली. जतनासाठी मात्र डिजिटलने दरवर्षीची जबाबदारी मागे ठेवली आहे. मोठ्या निर्मितीसंस्था ती पार पाडतील. गेल्या पंधरा वर्षांत छोट्या गावांतून निघालेले शेकडो लघुपट आणि माहितीपट कोणाच्या हार्ड डिस्कवर आहेत, हा खरा चिंतेचा विषय.

२५/
‘सामना’ला पन्नास वर्षे झाली आणि तो आजही पाहता येतो. तालुक्याच्या महोत्सवात गेल्या वर्षी गाजलेला लघुपट पन्नास वर्षांनी पाहता येईल का? आपल्या गावातल्या बंद चित्रपटगृहात जुने डबे पडले असतील तर ते भंगारात जाऊ देऊ नयेत. पुण्याच्या संग्रहालयाशी संपर्क साधावा. आणि ज्यांनी स्वतः चित्रीकरण केले आहे, त्यांनी निदान तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावात. मूकपटांच्या काळात एवढे झाले असते, तर आज ‘राजा हरिश्चंद्र’ आपण पूर्ण पाहिला असता.