औषध काय हौसेनं घालतात?

अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा चिकन आणायला गेलो, तर पाकिटावर 'अँटिबायोटिक्सशिवाय वाढवलेली कोंबडी' असं छापलेलं. फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, कोंबडीला औषध काय हौसेनं घालतात?" उत्तर शोधायला बसलो आणि चाट पडलो.

गोष्ट १९४८च्या सुमाराची. न्यूयॉर्क राज्यात पर्ल रिव्हर इथे लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे दोघे पिल्लांच्या खाद्यासाठी बी-१२ जीवनसत्त्व शोधत होते. ऑरिओमायसिन हे औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी खाद्यात मिसळला. पिल्लं अपेक्षेपेक्षा भराभर वाढली. ही करामत जीवनसत्त्वाची नव्हती, चोथ्यात उरलेल्या औषधाची होती! १९५१ मध्ये एफडीएने असं खाद्य डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय वापरायला परवानगी दिली.

पण मंडळी, खरी मेख इथेच आहे. थोड्याशा डोसने सगळे जिवाणू मरत नाहीत. चिवट असतात ते उरतात, वाढतात आणि आपला चिवटपणा शेजारच्या जिवाणूंनाही देतात. कमी मात्रेचा हा धोका फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल भाषणातच सांगितला होता.

१९७६ मध्ये बॉस्टनच्या स्टुअर्ट लेव्ही यांनी एका शेतावर प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्यांना टेट्रासायक्लिनच्या जातीचं औषध घातलेलं खाद्य दिलं. आठवड्याभरात त्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाचसहा महिन्यांत शेतावरच्या माणसांच्या पोटातही तसे जिवाणू वाढले. औषध माणसांनी घेतलंच नव्हतं! शेजाऱ्यांमध्ये मात्र तशी वाढ दिसली नाही.

पुढच्याच वर्षी एफडीएने पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिनच्या अशा वापराला आळा घालायचं ठरवलं, पण 'आणखी अभ्यास करा' म्हणत संसदेने घोडं अडवलं. युरोपने वजनवाढीसाठीची अँटिबायोटिक्स २००६ मध्ये पूर्ण बंद केली. माणसांसाठी महत्त्वाच्या औषधांपुरता तसा निर्णय अमेरिकेत अमलात यायला २०१७ उजाडलं. म्हणजे लेव्हींच्या प्रयोगानंतर चाळीसेक वर्षं गेली.

आपल्याकडेही कोलिस्टिन कोंबड्यांना दिलं जाई. आयसीयूत बाकी सगळं हरल्यावर डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, तेच हे औषध. खाद्यप्राण्यांसाठी त्यावर २०१९ मध्ये बंदी आली.

आजारी जनावराला औषध द्यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण आईला उत्तर द्यायचं तर, हौसेनं नव्हे, वजनासाठी घालत होते. आणि त्याची किंमत कदाचित अशा रुग्णाला मोजावी लागेल, ज्याने कोंबडी कधी चाखलीही नसेल.