क्लिमा

फ्रेंचमध्ये ‘क्लिमा’ म्हणजे हवामान, असं मी कित्येक वर्षं ठामपणे सांगत आलो. फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या पिनो न्वार वाइनबद्दल वाचताना अडखळलो. तिथे क्लिमा म्हणजे स्वतःचं नाव आणि ठरलेल्या हद्दी असलेला द्राक्षमळ्याचा तुकडा!

मूळ ग्रीक. ‘क्लिनेइन’ म्हणजे कलणे, त्यावरून ‘क्लिमा’ म्हणजे उतार. भूगोलकारांनी सूर्यकिरणांच्या कलानुसार पृथ्वीचे पट्टे पाडले, त्यांनाही हेच नाव दिलं. लॅटिनमार्गे फ्रेंचमध्ये येईतो त्याचं हवामान झालं. संस्कृत ‘श्रि’ धातू याच कुळातला. आपला ‘आश्रय’ त्यातूनच आला, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

बरगंडीत शब्द पुन्हा उतारावर परतला. रोमाने-कोंती हा क्लिमा जेमतेम १.८ हेक्टरचा. त्याला खेटून रिशबूर. द्राक्ष एकच, चव निराळी. २०१५ मध्ये युनेस्कोने असे १,२४७ क्लिमा जागतिक वारशात घेतले.

ही चव झाकली जाऊ नये म्हणून काही वाइनकार बाहेरचं यीस्ट घालतच नाहीत. सालीवरच्या आणि तळघरातल्या यीस्टवरच रस आंबू देतात, सल्फरही बेतानंच. पॅरिसच्या बातम्यांत ‘क्लिमा’ आला की विषय तापमानवाढीचा असतो. बोन गावचा वाइनकार मात्र तोच शब्द उच्चारत उतारावरच्या वेलींच्या ओळींकडे बोट दाखवतो.